हरिणीला कॉल देऊन जवळ आणणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉल म्हणजे हरणाचा आवाज काढायचं साधन, आणि त्यातून निघणारा आवाजही. हे प्रश्न मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातल्या व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीबद्दल आहेत. म्यूल डिअर, ब्लॅकटेल, एल्क आणि युरोपातलं रो डिअर यांच्या बाबतीत जे वेगळं आहे ते शेवटाकडे सांगितलं आहे. परवाना, टॅग (म्हणजे एक जनावर मारायची परवानगी-चिठ्ठी) आणि शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण तुमच्याकडे आहे, असं गृहीत धरलं आहे.

कॉल तर नराला बोलवायला असतात ना? मादीसाठी कशाला?

दुकानातल्या खोक्यांवर मोठ्या शिंगांचे नरच छापलेले असतात, म्हणून तसं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच राज्यांत वन्यजीव विभागाला माद्यांचीच शिकार व्हायला हवी असते. कळप वाढणार की घटणार हे माद्यांच्या संख्येवर ठरतं. चार नर कमी झाले तरी उरलेला एक नर सगळ्या माद्यांना पुरतो. १९०० च्या सुमारास अमेरिकेत व्हाइटटेल तीन ते पाच लाखांवर आली होती, आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. मधली कित्येक दशकं माद्यांना हात लावायचा नाही हा दंडक पाळला गेला, त्याचा या वाढीत मोठा वाटा आहे. जुन्या शिकाऱ्यांच्या मनातून तो दंडक अजून गेलेला नाही. पण शेतं, रस्ते आणि कोवळी झाडं यांच्यावर हरणांचा ताण असलेल्या भागांत आज बिनशिंगी हरणांचे टॅग सहज मिळतात, आणि फ्रीझर भरायचा असेल तर मादी हाच सरळ मार्ग आहे.

दुसरंही एक कारण आहे. माजाच्या दिवसांत तुमच्या मचाणाजवळ रेंगाळणारी खरी हरिणी नराला जेवढी खेचते तेवढं कोणतंही प्लास्टिकचं नळकांडं खेचत नाही.

मादी नेमकी कोणत्या आवाजाला येते?

जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८८ मध्ये व्हाइटटेलच्या बारा प्रकारच्या आवाजांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातले मादीच्या शिकारीत उपयोगाचे दोन-तीनच.

पहिला म्हणजे पाडसाचं ओरडणं. यात दोन तऱ्हा आहेत: हरवलेल्या पाडसाची हाक आणि संकटात सापडलेल्या पाडसाचा आकांत. त्यांतला फरक पुढे वेगळा सांगितला आहे, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

दुसरा म्हणजे संपर्काचा हुंकार. व्हाइटटेलचा मूळ कळप माद्यांचा असतो: एक वयस्क हरिणी, तिच्या मुली, त्यांची पाडसं. चरताना या माद्या एकमेकींपासून थोड्या लांब जातात आणि अधूनमधून बारीक, मऊ, आखूड आवाज काढून कोण कुठे आहे याचा अंदाज घेतात. हा आवाज इतका हलका असतो की शेजारच्या झाडाखाली बसलेल्या माणसाला तो ऐकू येईलच असं नाही. मादीला यात भीती दिसत नाही आणि घाईही दिसत नाही. ती आली तर सावकाश, चरत चरत येते. मला विचाराल तर धनुष्यवाल्याने सगळ्यात आधी हा आवाज शिकावा.

तिसरा, आई पाडसाला बोलावते तो हुंकार. लपलेलं पाडस उठून आईकडे यावं म्हणून ती तो काढते. मोठ्या मादीवर त्याचा उपयोग थोडा, पण रेंगाळलेलं पाडस त्याने पुढे येतं आणि मागून आई येते.

हे सगळे आवाज दोनच गोष्टींवर चालतात: पाडसाची काळजी आणि सोबतीची ओढ. नराच्या कॉलमागे ईर्ष्या आणि माज असतो, मादीच्या बाबतीत तो भाग जवळजवळ नसतो. तिला राग आणून बोलावता येत नाही. ती काय चाललंय ते *तपासायला* येते, आणि पुढचे बहुतेक सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

मी कॅन उलटा करतो, माजावरच्या मादीचा आवाज येतो. पण मादी येतच नाहीत. का?

कारण तो आवाज नरासाठी आहे. हातात मावणारा डबा, भोकावर अंगठा, डबा उलटा केला की आतला भार खाली सरकतो आणि हवा रीडवरून, म्हणजे थरथरणाऱ्या पातळ पात्यावरून, जाऊन लांबलचक बेंऽऽ असा आवाज निघतो. प्रायमोस कंपनीचा ‘द कॅन’ यात सगळ्यांना माहीत असतो. त्या आवाजाचा अर्थ ‘मी माजावर आहे, नर कुठाय?’ असा. दुसऱ्या मादीला त्यात काय रस असणार? उलट, जिथे असा आवाज येतो तिथे नर धावत येणार आणि सगळ्यांच्याच मागे लागणार हे प्रौढ मादीला ठाऊक असतं. पाडसं सोबत असलेली हरिणी अशा वेळी बाजूने निघून जाते.

याच घाटाचे लहान डबे मिळतात, बारीक आणि आखूड आवाजाचे. मादीसाठी ते घ्या.

हरवलेल्या पाडसाची हाक आणि आकांत यात फरक काय?

हरवलेलं पाडस आखूड ओरडतं. एखाद्या सेकंदाची हाक, शेवटाकडे थोडी उतरणारी, मग थांबून ऐकणं, मग पुन्हा हाक. दोन-तीन हाका झाल्या की बराच वेळ शांतता. त्यात गोंधळ असतो, वेदना नसते. ही हाक ऐकून मादी मान वर करते, कान वळवते आणि पुष्कळदा चालत येते.

आकांत म्हणजे पाडसाला कोल्ह्या-कुत्र्याने धरलं आहे असा आवाज. लांब, चिरका, एकामागून एक, मध्ये दम घ्यायलाही न थांबणारा. याला मादी आली तर धावतच येते, कान मागे आणि मानेवरचे केस उभे, कधी थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत. बघायला थरारक, पण शिकारीला फार सोयीचं नाही. ती थांबत नाही, आडवी उभी राहत नाही, आणि सोबत आणखी माद्या असतील तर चार दिशांना नजरा फिरत असतात. शिवाय या आवाजाने एका जागी सगळ्या हरणांना सावध करून ठेवलंत तर ती जागा काही दिवस मेलीच समजा.

माझा कल सरळ आहे: हाक वापरा, आकांत शक्यतो टाळा. रायफल हातात आहे, जंगल दाट आहे आणि दुपारी काहीच हालत नाहीये, अशा वेळी एकदा करून पाहायला हरकत नाही.

आवाज अगदी हुबेहूब यायला हवा का?

नाही. याचा चांगला पुरावा आहे. सुझन लिंगल आणि टोबियास रीडे यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात म्यूल डिअर आणि व्हाइटटेलच्या मातांना त्यांनी लाउडस्पीकरवरून निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं रडणं ऐकवलं. त्यात मार्मट होते, सील होते, मांजराची पिल्लं होती, माणसाचं बाळही होतं. आवाजाची पट्टी पाडसाच्या पट्टीत बसत असेल किंवा मुद्दाम बसवली असेल, तर हरिणी झटपट स्पीकरकडे येत. पट्टी त्याबाहेर गेली की येत नसत.

म्हणजे महत्त्व पट्टीचं. तुमचा कॉल फार खालच्या, भसाड्या पट्टीत बोलत असेल तर तो पाडसाचा राहत नाही, प्रौढ मादीचा होतो. बदलत्या रीडचा कॉल असेल तर पाडसाच्या खुणेवर नीट लावा आणि थोडं बोट सरकवून पट्टी वरच ठेवा. आवाज जरासा फाटला, मध्ये तुटला, तर काही बिघडत नाही. खरी पाडसंही काही सुरेल नसतात.

याच लिंगल यांच्या आधीच्या कामातून आणखी एक गोष्ट कळते. म्यूल डिअरची मादी कोणत्याही पाडसाच्या आकांताला धावते, ते दुसऱ्या जातीचं असलं तरी. व्हाइटटेलची मादी जास्त हिशेबी असते, स्वतःच्या पाडसापुरतं बघते. म्हणून तिची पाडसं तिच्या शेजारीच उभी असतील तर तुमच्या हाकेत तिला फारसं काही वाटणार नाही. अशा वेळी संपर्काचा मऊ हुंकार बरा.

कोणता कॉल घ्यावा?

नवख्याने छोटा कॅन घ्यावा, कारण त्यात चुकायला जागा नाही. तोट्याची बाजू अशी की आवाजाचा जोर कमी-जास्त करता येत नाही, फक्त हाताच्या मुठीत दाबता येतो, आणि वापरताना हात हलतो.

फुंकायचा कॉल शिकायला वेळ लागतो पण तो तुमच्या ताब्यात राहतो. गालाने फुंकू नका, पोटातून छोटा श्वास सोडा. काच पुसताना तोंडाने वाफ सोडतो तेवढाच जोर. रबरी पट्टी ताणलेले कॉल पाडसाच्या आवाजाला फार चांगले, पण पट्टी उन्हाने आणि वर्षांनी सैल होते. ती हंगामाआधी तपासा.

थंडीत तोंडातली वाफ रीडवर गोठते आणि कॉल ऐन वेळी मुका होतो किंवा चिरकतो. कॉल अंगाजवळच्या खिशात ठेवावा, वापरल्यावर झटकावा. कॅनला हा त्रास नाही.

हंगामात कधी चालतो?

उत्तरेकडच्या राज्यांत आणि दक्षिण कॅनडात पाडसं मेअखेर आणि जूनमध्ये जन्मतात. गर्भकाळ साधारण दोनशे दिवसांचा, त्यामुळे माजाचा जोर नोव्हेंबरच्या मध्यावर. या दोन तारखांवर मादीच्या कॉलचं गणित बसवायचं.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला भाग सर्वांत चांगला. पाडसं तीन-चार महिन्यांची असतात, अंगावरचे ठिपके जात असतात, दूध तुटलेलं किंवा तुटत आलेलं असतं, पण आई अजून त्यांच्यावर नजर ठेवून असते. नुकताच धनुष्याचा हंगाम उघडलेला, हरणांना माणसांचा धसका बसलेला नाही. हरवलेल्या पाडसाची हाक या दिवसांत जितकी चालते तितकी पुढे कधीच चालत नाही.

ऑक्टोबर सरता सरता ओढ कमी होते. पाडसं आपापली चरतात. मग हाक बाजूला ठेवून संपर्काच्या हुंकारावर यावं.

माजाच्या दिवसांत एक मजेशीर फट मिळते, आणि ती फारसे लोक वापरत नाहीत. मादी माजावर असते ती सुमारे एक दिवस, फार तर दोन. तेवढा वेळ नर तिला एका कोपऱ्यात धरून ठेवतो आणि पाडसांना जवळ येऊ देत नाही. ती बिचारी दोन दिवस इकडेतिकडे एकटी हिंडतात. तुम्हाला रानात एकटंच, बावरलेलं पाडस दिसू लागलं की समजावं, आया व्यस्त आहेत. नराने सोडल्यावर मादी आपली पाडसं शोधत परत येते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हरवलेल्या पाडसाची हाक म्हणून पुन्हा काही दिवस चालते.

डिसेंबर-जानेवारीत माद्या चाऱ्यापाशी मोठ्या घोळक्याने जमतात. इतके डोळे आणि कान एकत्र असताना कॉल देणं म्हणजे आपला पत्ता देणं. तेव्हा चाऱ्याच्या वाटेवर गुपचूप बसावं.

हे वेळापत्रक सगळीकडे सारखं नाही. दक्षिण टेक्सासात माज डिसेंबरात येतो, अलाबामाच्या बऱ्याच भागात जानेवारीत. तिथे पाडसंही तितकीच उशिरा जन्मतात, आणि हंगाम उघडताना ती फारच लहान असतात. उत्तरेचे ठोकताळे तिथे जसेच्या तसे लावू नका.

किती वेळा कॉल द्यायचा?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्याने. दोन-तीन हाका, मग वीस ते तीस मिनिटं काहीच नाही. मादी पहिल्या हाकेलाच आवाजाची जागा पक्की करते, तिला परत परत सांगावं लागत नाही. कॉल दिल्यावर ताबडतोब काही दिसलं नाही म्हणून उठू नका. पुष्कळ माद्या पंधरा-वीस मिनिटांनी, अगदी आवाज न करता, भलत्याच बाजूने उगवतात.

हरणाला २५० हर्ट्झपासून ३० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचे कान सर्वांत तीक्ष्ण असतात. वारा पडलेल्या सकाळी हळू फुंकलेला कॉलही पुरतो. वारा सुटला असेल तरच जोर वाढवा.

आणि दिसत असलेली मादी आधीच तुमच्या दिशेने येत असेल, तर कॉल खिशात. येणाऱ्याला हाका मारायच्या नसतात.

बसायचं कुठे?

जिथून मादीला आवाजाची जागा बघण्यासाठी पुढे यावं लागेल तिथे. मोकळ्या माळाच्या कडेला बसून कॉल दिलात तर ती दोनशे यार्डांवरून बघेल, पाडस दिसत नाही हे तिला कळेल आणि विषय संपेल. झुडपं, उंचवटा, ओढ्याचा काठ असं काही मध्ये हवं.

वाऱ्याबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. वारा तिच्याकडून तुमच्याकडे हवा, आणि तुमच्या मागची बाजू तिला सहज वळसा घालता येणार नाही अशी हवी: तळं, कडा, कुंपण. स्थिर हवेत सकाळी ऊन तापलं की हवा उताराने वर चढते, संध्याकाळी खाली उतरते. डोंगराळ जागी याच कारणाने सकाळची जागा संध्याकाळी बाद होते.

मचाणावरून कॉल देताना आवाज खाली, जमिनीकडे सोडा. पाडस झाडावर चढत नाही, आणि वरून येणारा आवाज शोधताना मादी वर बघते. मचाणाचा पट्टा, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा हार्नेस, जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अडकवलेला असावा.

मादी आली, पण माझ्याकडे टक लावून बघतेय. आता?

काहीच करू नका. पापणीसुद्धा सावकाश. ती मान खाली घालून चरायला लागल्यासारखं करेल आणि झटक्यात परत वर बघेल. ही हूल असते. पुढचा पाय उचलून खूर आपटेल. तीही हूलच, समोरच्या गोष्टीला हलवून बघण्यासाठी. दोन-तीनदा हूल देऊन काही हाललं नाही की बहुतेक वेळा तिची शेपटी एकदा इकडून तिकडे सैल हलते. ती हलली की ताण उतरला समजा.

ताण उतरेपर्यंत बाण सोडू नका, हे मी इथे सगळ्यात जोर देऊन सांगेन. हिशेब बघा. तीस यार्ड म्हणजे नव्वद फूट. सेकंदाला २८० फूट जाणारा बाण तिथे पोचायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद घेतो. दोरीचा आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट वेगाने, म्हणजे एक दशांश सेकंदाच्या आतच पोचतो. मधल्या पाव सेकंदात सावध हरीण पळण्यासाठी पाय मुडपतं आणि त्याचं अंग खाली जातं. बाण वरून जातो, किंवा त्याहून वाईट, पाठीत लागतो आणि जखमी जनावर निघून जातं. आपणहून चरत आलेल्या मादीपेक्षा कॉलवर आलेली मादी कितीतरी जास्त तणावात असते. म्हणून अंतर वीस यार्डांच्या आसपास असू द्या, ती आडवी उभी असू द्या आणि तिचं लक्ष दुसरीकडे असू द्या. यातलं एक जरी नसेल तर जाऊ द्या.

धनुष्य ताणायची वेळ तिचं डोकं झाडामागे गेल्यावरची. आधी नाही.

तिने जोरात फुत्कार टाकला. संपलं?

त्या मादीपुरतं, हो. शेपटीचा पांढरा झेंडा उभारून ती गेली की इतर हरणांनाही निरोप पोचतो. कधीकधी फुत्कार टाकून ती साठ-सत्तर यार्डांवर थांबते. तेव्हा तिला वास लागलेला नसेल, फक्त काहीतरी खटकलेलं असेल, तर पाडसाची एक हलकी हाक देऊन बघावी. वास लागला असेल तर जागा बदला, आणि दुसऱ्या दिवशीही तिथे बसू नका. वयस्क हरिणी जागा लक्षात ठेवतात. पुढल्या खेपेला ती येताना आधी मचाणाकडेच बघेल.

समोरचं बिनशिंगी जनावर मादीच आहे हे कसं ओळखायचं?

कॉल देणाऱ्यासाठी हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा, कारण पाडसाच्या हाकेला पाडसंही येतात, आणि त्यात सर्वांत पुढे, सर्वांत बेधडक येतं ते त्या वर्षीचं नर पाडस. त्याच्या कपाळावर शिंगांचे फक्त कोंब असतात, केसांखाली झाकलेले. टॅगच्या दृष्टीने बहुतेक ठिकाणी ते बिनशिंगीच धरलं जातं, म्हणजे मारलं तरी नियम मोडत नाही. पण मादी कमी करायला गेलात आणि पुढच्या काळातला नर घेऊन आलात, असं होतं.

तोंड बघा. पाडसाचं मुस्कट आखूड, प्रौढ मादीचं लांब, निमुळतं. अंगाची ठेवण बघा. पाडस चौकोनी दिसतं, लांबी-उंची जवळपास सारखी. मादी लांबट, पोट थोडं खाली आलेलं, मान बारीक आणि लांब. डोक्याचा वरचा भाग बघा. मादीचा कानांमधला भाग गोलसर, नर पाडसाचा सपाट आणि कोंबांपाशी गडद.

एकटंच आलेलं जनावर असेल तर तुलना करायला काही नसतं, आणि एकटं बिनशिंगी हरीण हे नर पाडसच असण्याची शक्यता बरीच. दुसरं जनावर शेजारी येईपर्यंत थांबा. संधिप्रकाशात, दुर्बिणीतून कोंब दिसत नाहीत एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

तिच्यासोबत पाडसं आहेत. अशा मादीला मारणं योग्य आहे का?

आधी जीवशास्त्र. व्हाइटटेलचं पाडस दोन महिन्यांचं होईपर्यंत चारा पचवू लागतं आणि अडीच-तीन महिन्यांत त्याचं दूध तुटतं. उत्तरेत जूनमध्ये जन्मलेलं पाडस ऑक्टोबरमध्ये आईवाचून जगू शकतं, आणि कळपातल्या इतर माद्यांसोबत हिंडतं. अंगावर ठळक ठिपके असलेलं पाडस सोबत असेल तर ते उशिरा जन्मलेलं आहे. तिथे मी बाण सोडणार नाही. नियम काय सांगतो हा वेगळा मुद्दा.

राहिला पाडसाच्या हाकेने आईला बोलावण्याचा. काही शिकाऱ्यांना ते बरं वाटत नाही. मला त्यांचं म्हणणं कळतं आणि त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही. संपर्काच्या हुंकाराने काम होतं, त्यांनी तो वापरावा.

कायद्याचं काय? मोबाइलवरचा आवाज चालतो का?

तोंडाने किंवा हाताने वाजवायचे कॉल हरणासाठी सर्वसाधारणपणे चालतात. इलेक्ट्रॉनिक कॉलचं तसं नाही. अनेक राज्यांत हरणासाठी त्याला मनाई आहे, आणि मोबाइल ॲप व ब्लूटूथ स्पीकर त्यातच मोडतात. राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतो. त्या वर्षीची नियमपुस्तिका राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर असते, तीच बघा. मित्राच्या आठवणीवर जाऊ नका. बिनशिंगी टॅग कोणत्या काउंटीत आणि कोणत्या तारखांना चालतो हेही त्यातच असतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे हरणांच्या शिकारीला बंदी आहे. इथलं काहीही तिथे लागू नाही.

मूत्राचे वास किंवा प्लास्टिकचं हरीण सोबत वापरावं का?

मादीसाठी खोटं हरीण वापरलं तर ते बसलेल्या किंवा चरणाऱ्या मादीचं असावं. उभं, ताठ मानेचं नको. अनोळखी मादी बघून कळपाची म्होरकी कधी तिला हुसकवायला येते, कधी लांबूनच संशय घेते. फायदा अर्धामुर्धा. बंदुकीच्या हंगामात ते रानात नेताना केशरी कापडात गुंडाळून न्यावं, नाहीतर दुसऱ्या कोणाला तुमच्या पाठीवरच हरीण दिसायचं.

हरणाच्या मूत्राचे वास मादीसाठी घेण्यात मला अर्थ वाटत नाही. शिवाय क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या मेंदूच्या रोगाचे प्रिऑन, म्हणजे रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं, मूत्रातूनही बाहेर पडतात. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला हा रोग आता उत्तर अमेरिकेत बराच पसरला आहे. म्हणून काही राज्यांनी असे नैसर्गिक वास बंद केले आहेत.

कॉलला दुसरेच प्राणी येतात का?

येतात. पाडसाच्या आवाजाला कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी), बॉबकॅट (रानमांजर) आणि काळं अस्वल हमखास कान देतात. पाठीमागे जाड बुंधा असू द्या. अलास्कात ही गोष्ट गमतीची राहत नाही. कोडियाक, ॲडमिरल्टी, बारानॉफ आणि चिचागॉफ या बेटांवर सिटका ब्लॅकटेलला कॉल दिला की तपकिरी अस्वल येऊ शकतं, आणि ते अस्वल भुकेनेच आलेलं असतं. तिथे एकट्याने कॉल देऊ नये, आणि हरीण पडल्यावर वेळ न घालवता ते साफ करून निघावं.

माणसंही येतात. सार्वजनिक जमिनीवर तुमचा कॉल ऐकून दुसरा शिकारी आवाजाच्या रोखाने सरकू शकतो. केशरी अंगावर हवंच. तो दिसला तर हात हलवून खुणावू नका, स्पष्ट माणसाच्या आवाजात बोला.

म्यूल डिअर, ब्लॅकटेल, एल्क, रो डिअर यांचं काय?

म्यूल डिअर आकांताला व्हाइटटेलपेक्षा कितीतरी जास्त येतं, कारण वर आलंच आहे. ब्लॅकटेलला अलास्कात गवताच्या पात्यावर किंवा दोन लाकडी पट्ट्यांत धरलेल्या रबरावर फुंकून बोलावतात, नर-मादी दोन्ही येतात. एल्कच्या माद्या फार बोलक्या. त्यांची आखूड म्याँव-म्याँव शिकायला सोपी आणि जवळजवळ सगळा हंगाम चालते. सरकताना काटकी मोडली तर लगेच एक म्याँव द्यावी, कळप निवांत होतो.

जर्मनी-ऑस्ट्रियात रो डिअरचा माज जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये असतो. तिथले शिकारी पाडसाची बारीक शीळ देऊन मादीला बोलावतात, पण त्यांचा डोळा तिच्यामागून येणाऱ्या नरावर असतो. त्या दिवसांत पाडसं असलेल्या मादीच्या शिकारीला सहसा बंदी असते.

सराव कधी आणि कुठे करावा?

घरात किंवा गाडीत, काचा बंद करून. आवाज रेकॉर्ड करा आणि थोड्या अंतरावरून ऐका. कानाशी ऐकू येतो त्यापेक्षा तो बराच वेगळा असतो. मे-जूनमध्ये रानात जाऊन पाडसाचा आवाज काढू नका. त्या दिवसांत खरी पाडसं गवतात दबून असतात, तुमच्या आवाजाने आई जागा सोडते आणि कायोटीला नेमकं कुठे शोधायचं ते कळतं. ऑगस्टअखेर, हंगामाच्या आधी, ज्या जमिनीवर शिकार करायची नाही तिथे दुर्बीण घेऊन बसा आणि एखाद-दोन हाका देऊन माद्यांचे कान कसे फिरतात ते बघा.